बोळ आपला, वाट शेजाऱ्यांची

पत्र (संक्षेपाने) : आमचे घर साखर पेठेत सासऱ्यांच्या वेळेपासूनचे आहे. घराच्या अंगाने सुमारे सहा फूट रुंदीचा बोळ मागे जातो आणि मालमत्ता पत्रकावर तो आमच्याच क्षेत्रात धरलेला आहे. मागच्या तीन घरांतील माणसे याच बोळातून ये-जा करतात. पहिल्या घराची जागा सासऱ्यांनी १९६१ साली विकली. त्या घराला दुसरी वाट नाही. दुसरे घर चुलत सासऱ्यांच्या हिश्शाचे आहे. वाटणीपत्र १९७४ चे असून त्यात वाटेविषयी काहीच लिहिलेले नाही, आणि मागच्या अंगाने महापालिकेचा रस्ता झाल्यावर त्यांनी तिकडे दार काढले आहे. तिसऱ्या घराचे पूर्वीचे मालक नात्यातले नव्हते. ‘आपल्या परवानगीने जातो-येतो’ असा त्यांनी १९९० मध्ये सासऱ्यांना लिहून दिलेला कागद माझ्याजवळ आहे. ते घर २००९ मध्ये एका यंत्रमागधारकाने घेतले आणि आता सुताच्या गाठी व चादरींचे गठ्ठे घेऊन टेम्पो बोळात शिरतो. मुलाला जुने घर पाडून नवे बांधायचे आहे. बिल्डर म्हणतो, कार्ड (मालमत्ता पत्रक) तुमच्या नावावर आहे, बोळ बांधकामात घ्या, निदान फाटक लावून कुलूप घाला. तहसीलदारांकडे अर्ज करा, असेही कोणी सुचवले. मला शेजाऱ्यांशी वैर नको, पण हक्कही सोडायचा नाही. काय करावे? बोळाची फरशी उखडली आहे, तिचा खर्च कोणाचा? — एक वाचक भगिनी, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

ताई, आपल्या पत्राचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, कारण बोळ एक असला तरी त्यातून जाणाऱ्या तीन घरांचे हक्क तीन निरनिराळ्या मुळांतून आलेले आहेत, आणि ज्याचे मूळ वेगळे त्याचा शेवटही वेगळा असतो. बिल्डरचा सल्ला मात्र आधी बाजूला ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘कार्ड नावावर आहे’ एवढ्या आधारावर बोळ बांधकामात घेतला, तर पहिल्या घरातील माणूस दुसऱ्याच दिवशी दिवाणी न्यायालयात तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज देईल, तो बहुधा मंजूरही होईल, आणि आपले घर अर्धे पाडलेल्या अवस्थेत थांबून राहील. अशा दाव्यात पैसा जातो तो भाग निराळा. त्या अवधीत घरातील माणसांना भाड्याच्या खोलीत दिवस काढावे लागतात.

मालमत्ता पत्रक हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ती भूमापनाच्या वेळी झालेली नोंद असते आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, इतकेच. शिवाय जागेची मालकी आपली असणे आणि त्या जागेवरून दुसऱ्याला जाण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा कायदा नेमका याच परिस्थितीसाठी आहे : एका मिळकतीचा लाभदायक उपभोग घेता यावा म्हणून तिच्या मालकाला दुसऱ्याच्या मिळकतीवर मिळालेला मर्यादित हक्क, म्हणजे सुविधाधिकार. तो हक्क माणसाला चिकटलेला नसून घराला चिकटलेला असतो, म्हणून घर विकले की तो खरेदीदाराकडे जातो. घर स्वतःकडे ठेवून वाटेचा हक्क तेवढा तिसऱ्याला विकता मात्र येत नाही.

आपल्या पत्रकाची नक्कल हाती असेल तर तिच्यावर ‘सुविधाधिकार’ असे एक सदर छापलेले आढळेल. पुष्कळ जुन्या पत्रकांवर ते कोरेच असते आणि लोक त्यावरून हक्क नाही असा निष्कर्ष काढतात, जो चुकीचा आहे. त्या पत्रकाच्या मुळाशी नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही असते. बोळाबाबत त्या वेळी कोणी काय जबाब दिला, हे तिच्यात सापडण्याचा संभव असतो. नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून तिचा उतारा काढावा. त्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयातून १९६१ च्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल घ्यावी, आणि सासऱ्यांनी ही जागा स्वतः ज्या दस्ताने घेतली तो दस्तही शोधावा. तो मोडी लिपीत असला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, कारण ‘जाण्या-येण्याचे वहिवाटीसह’ एवढे तीन शब्द असणे किंवा नसणे यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. महापालिकेकडे पूर्वी कधी दुरुस्तीचा किंवा मजला चढवण्याचा नकाशा दिला असेल, तर त्यात आपल्याच घरातील माणसांनी हा बोळ रस्ता म्हणून दाखवला होता का, तेही पाहून घ्यावे. दाखवला असल्यास तो कागद न्यायालयात समोरचा पक्ष हमखास दाखल करील.

दस्त हाती आल्यावर सर्वांत आधी चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींचे वर्णन, वाचाव्यात, आणि इथे अगदी सावकाश वाचावे. १९६१ च्या खरेदीखतात पहिल्या घराच्या हद्दीला ‘विकणार यांचा बोळ’ असे लिहिले असेल तर बोळ आपला आणि शेजाऱ्याचा हक्क फक्त जाण्या-येण्याचा. परंतु तिथे ‘सामाईक बोळ’ असे लिहिले असेल, तर प्रश्न सुविधाधिकाराचा राहतच नाही. तो सहमालकीचा होतो, आणि सहमालकाच्या संमतीवाचून त्या जागेवर एक वीटही ठेवता येत नाही, मग पत्रकावर नाव कोणाचेही असो. हा भेद वकिलांच्या हातूनही निसटतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की मालकी सांगून दावा लावणाऱ्याला, त्याने सुविधाधिकार स्वतंत्रपणे मांडलेला नसताना, न्यायालय आपण होऊन सुविधाधिकार देऊ शकत नाही. कोणता हक्क, कशातून आला, कोणत्या जागेवरून, किती रुंदीचा, हे प्रत्येकाने आधी लिहून मांडले पाहिजे. आपल्यालाही आणि आपल्या शेजाऱ्यांनाही हा नियम सारखाच लागू आहे.

बोळ आपलाच आहे असे दस्तांवरून निघते, असे धरून आता एकेका घराविषयी लिहितो.

पहिल्या घराची वाट आपल्याला बंद करता येणार नाही. खरेदीखतात वाटेचा उल्लेख असेल तर तो सासऱ्यांनी दिलेला हक्क आहे आणि तो त्यांच्या वारसांवर बंधनकारक आहे. असा दस्ताने दिलेला हक्क पुढे दुसरी वाट निघाली म्हणूनही संपत नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा निर्णायकपणे मांडला. उल्लेख नसेल तरीही निकाल बदलत नाही, कारण आपल्याच मोठ्या जागेतील मागचा तुकडा विकताना त्याला दुसरी वाट नसेल, तर कायदा विकणाऱ्याच्या उरलेल्या जागेवरून वाट देतोच. कायद्याच्या १३ व्या कलमातील हा गरजेपोटीचा हक्क आहे. या दोहोंतील फरक आज आपल्याला जाणवणार नाही, पण त्या घराला उद्या दुसरीकडून वाट मिळाली तर तो एकदम महत्त्वाचा होईल.

दुसऱ्या घराबाबत हा फरक आजच लागू पडतो. वाटणीपत्रात वाटेचा शब्द नसल्याने चुलत सासऱ्यांचा हक्क १९७४ मध्ये गरजेतून निर्माण झाला असे मानावे लागते, आणि गरजेपोटीचा हक्क ती गरज संपताच संपुष्टात येतो, असे कलम ४१ सांगते. महापालिकेच्या रस्त्यावर त्यांचे दार उघडले त्या दिवशी ती गरज संपली, असे म्हणायला आपल्याजवळ चांगला आधार आहे. बोळातून गेल्यास बाजार जवळ पडतो, किंवा पुढच्या दाराने पाहुणे येतात, ही सोय झाली. सोयीला कायदा गरज मानत नाही. परंतु एवढ्यावर विसंबून आपण त्यांची वाट अडवावी, असा सल्ला मी देणार नाही. ते न्यायालयात असेही म्हणतील की वाटणीच्या वेळी सर्व भावांना बोळ वापरू देण्याचे गृहीतच होते, म्हणून हा हक्क गर्भितपणे दिलेला आहे. आणि पर्याय म्हणून दीर्घ वहिवाटही पुढे करतील. हे मुद्दे टिकतील की नाही हे पुराव्यावर ठरेल, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटणीला हजर असलेली माणसे आता साक्षीला मिळणे कठीण आहे. नाते जवळचे आहे. त्यांच्याशी बसून बोलावे, नव्या घराच्या नकाशात त्यांच्या अडचणीचा काही विचार करता येत असेल तर करावा, आणि ते वाटेवरील हक्क सोडण्यास तयार झाले तर तसा नोंदणीकृत दस्त करून घ्यावा. तोंडी शब्द आज दोघांना पुरतो. पुढच्या पिढीला तो माहीतही नसतो.

तिसऱ्या घराकडे आपण सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे, आणि तेही लवकर. १९९० चा कागद जपून ठेवावा. जमल्यास त्याचे लॅमिनेशन करू नये, कारण मूळ कागद, शाई व सही तपासता आली पाहिजे. तो कागद असे सांगतो की पूर्वीचे मालक हक्काने नव्हे तर परवानगीने जात होते. परवानगी ही व्यक्तीला दिलेली असते. वेगळे काही ठरलेले नसेल तर घर विकताना ती खरेदीदाराला देता येत नाही. म्हणजे २००९ मध्ये घर घेणाऱ्या गृहस्थांना पूर्वीच्या मालकाकडून वाटेचा कोणताही हक्क मिळालेला नाही. इथपर्यंत आपली बाजू भक्कम आहे.

पण त्यानंतर ते कोणाचीही परवानगी न घेता, दिवसाढवळ्या, सलग त्या बोळातून ये-जा करीत आहेत. खासगी जागेवरून शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वाट वापरली, तर कलम १५ प्रमाणे वाटेचा सुविधाधिकार पक्का होऊ शकतो. सरकारी जागेसाठी ही मुदत ३० वर्षांची आहे. २००९ पासून मोजले तर त्यांची २० वर्षे २०२९ मध्ये भरतात. आज गप्प राहिलात, तर जो हक्क त्यांना आज नाही तो काही काळाने निर्माण होईल आणि त्याला आपले मौनच कारण ठरेल. एखाद्या दिवशी फाटक लावून ठेवल्याने ही मुदत तुटत नाही, हेही लक्षात घ्यावे : अडथळ्यामुळे वापर खरोखर थांबला पाहिजे, आणि तो अडथळा कळल्यानंतर समोरच्याने तो एक वर्ष मुकाट्याने सोसला असेल, तरच कायदा त्याला खंड मानतो. यापेक्षा सौम्य आणि खात्रीचा मार्ग असा की त्यांना वकिलामार्फत एक सभ्य नोटीस द्यावी, तिच्यात बोळ आपल्या मालकीचा असल्याचे आणि १९९० च्या कागदाचे नमूद करावे, आणि चालत जाण्यापुरती परवानगी आपण मागे घेता येण्याजोग्या अटीवर देत आहात असे लिहून त्यावर त्यांची सही मागावी. सही मिळाली तर यापुढचा वापर परवानगीचा ठरेल आणि हक्क म्हणून वापर केल्याचे त्यांना म्हणता येणार नाही. सही नाकारली, तर वाद आहे हे तरी आजच उघड होईल आणि २०२९ च्या आत दाव्याचा विचार करता येईल. त्यांनी आपल्या संमतीने त्या बोळात काही कायमस्वरूपी बांधकाम खर्च करून केले असेल, तर परवानगी मागे घेणे अवघड होते. म्हणून जलवाहिनी, पायऱ्या, काँक्रीट असे काही त्यांनी केले आहे का, ते नीट पाहून वकिलांना सांगावे.

टेम्पोचा प्रश्न त्याहून सोपा आहे आणि तो तिन्ही घरांना लागू होतो. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. पायवाटेचा हक्क असलेल्याला वाहन नेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, आणि राहत्या घरासाठी असलेल्या वाटेवर कारखान्याच्या मालाची चढ-उतार लादून आपल्या जागेवरचा भार वाढवता येत नाही. साखर पेठेसारख्या पूर्वभागातील वस्तीत घर आणि माग एकाच छताखाली असण्याची रीत जुनी आहे आणि त्यावर कुटुंबे जगतात, हे मी पूर्णपणे जाणतो. त्या गृहस्थांचा व्यवसाय बंद पडावा असे आपल्यालाही वाटत नसावे. परंतु खांद्यावरून किंवा हातगाडीवरून माल नेणे आणि सहा फुटी बोळात टेम्पो उभा करून पहिल्या घरातील वृद्धांना भिंतीला अंग घासत जायला लावणे यांत फार अंतर आहे. मर्यादेबाहेरचा वापर मालकाला आपल्या जागेत अडवता येतो, असे कलम ३१ म्हणते, मात्र त्यामुळे कायदेशीर वापराला बाधा येता कामा नये. म्हणून बोळाच्या तोंडाशी माणूस, सायकल, रुग्णाची खुर्ची आणि अंत्ययात्रा सहज जाईल पण टेम्पो जाणार नाही, अशा अंतरावर खांब रोवण्याचा विचार करता येईल. पहिल्या घराच्या खरेदीखतात गाडीवाटेचा उल्लेख असेल तर मात्र हा उपाय करता येणार नाही. तेवढ्यासाठी तरी दस्त आधी वाचावा.

फाटकाविषयीही हेच. नुसते फाटक म्हणजे अडथळा नव्हे. चोरांच्या भीतीने मालकाने फाटक बसवले आणि ज्यांना हक्क आहे त्यांना ते रात्री-अपरात्रीही उघडता येत असेल, किल्ल्या प्रत्येक घरी दिलेल्या असतील, तर न्यायालये सहसा त्याला हरकत घेत नाहीत. किल्ली एकट्या आपल्याजवळ ठेवून लावलेले कुलूप हा निखळ अडथळा आहे. उलट बाजूने, शेजाऱ्यालाही ते कुलूप स्वतः तोडण्याची मुभा नाही. कलम ३६ त्याला स्पष्टपणे मनाई करते आणि त्याने न्यायालयाकडे जावे अशी अपेक्षा ठेवते. पोलीस ठाण्यात गेल्यास अशा प्रकरणी ‘दिवाणी वाद आहे’ असेच उत्तर बहुधा मिळते, आणि ते वावगे नाही.

नव्या बांधकामाचे म्हणाल, तर जमिनीवरील वाट पूर्वीइतकीच मोकळी, उजेडाची आणि सोयीची राहणार असेल, तर बोळाच्या बाकीच्या उपयोगाला मालक म्हणून आपल्याला मोकळीक आहे. दस्तात सहा फुटांची रुंदी नमूद नसेल आणि शेजाऱ्याचे नुकसान न होता ये-जा विशिष्ट पट्ट्यातून होऊ शकत असेल, तर कलम २२ प्रमाणे ती त्या पट्ट्यापुरती मर्यादित करण्याची मागणीही आपण करू शकता. वरच्या मजल्याचा भाग बोळावर आणता येईल की नाही, हे मात्र सामासिक अंतराच्या, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेच्या, नियमांवर ठरेल. आर्किटेक्टने नकाशात बोळ ‘वहिवाटीचा’ म्हणूनच दाखवावा. महापालिकेची बांधकाम परवानगी शेजाऱ्यांचे खासगी हक्क ठरवत नाही. परवानगी मिळाली म्हणून वाट संपत नाही.

तहसीलदारांकडे अर्ज करण्याचा सल्ला आपल्या प्रकरणात निरुपयोगी आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालील तहसीलदारांचे अधिकार शेती, चराई, झाडे-पिके अशा जमिनींच्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांच्या अडथळ्यांसाठी आहेत, पेठेतील बोळासाठी नाहीत. हे सदर उत्तर व दक्षिण सोलापूर, मोहोळ, बार्शी भागांतील शेतकरीही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी एवढे नोंदवतो की चालू वहिवाटीची वाट कोणी नांगरली किंवा काटे टाकून अडवली, तर या कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ऊस गेल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांची मुदत तशीच निघून जाते. वाट पूर्वी नव्हतीच आणि बांधावरून नव्याने हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे, आणि त्याखालील निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा करता येतो.

आपल्यासाठी दिवाणी न्यायालय हेच ठिकाण आहे, पण तिथे जाण्याआधी चारही कुटुंबांनी एकत्र बसावे असे मला मनापासून वाटते. वाटेची रुंदी, वाहनांची मनाई, फाटकाच्या किल्ल्या, तिसऱ्या घराची परवानगी, असे सारे एका नोंदणीकृत करारात नकाशासह लिहिता येते. यजमानांच्या पश्चात पत्रकावर सर्व वारसांची नोंद झाली आहे ना, ते आधी पाहावे, कारण करारावर त्या सर्वांच्या सह्या लागतील. एकट्या मुलाची पुरणार नाही. बोलणी फिसकटली आणि एकतर्फी मनाई हुकूम येण्याची भीती वाटली, तर कॅव्हेट दाखल करून ठेवावे. ते ९० दिवस चालते आणि आपले म्हणणे ऐकल्यावाचून हुकूम होत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा लावण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी वाटेचे माप स्वतः मोजून घ्यावे.

शेवटी फरशीचा खर्च. ज्याच्या जागेवरून वाट जाते त्या मालकाने शेजाऱ्यांसाठी वाट दुरुस्त करून देण्याची सक्ती कायदा करीत नाही. वाट टिकवण्याचा खर्च ती हक्काने वापरणाऱ्याने करायचा असतो, आणि त्यासाठी त्याला बोळात येऊन आवश्यक ते काम करू देणे एवढे आपले कर्तव्य आहे. आपण स्वतःही बोळ वापरता, तेव्हा खर्च चौघांत विभागणे रास्त होईल. मात्र तिसऱ्या घराकडून वर्गणी घेताना पावतीवर ‘परवानगीच्या वापरापोटी’ असे लिहावे, आणि तो करार होईपर्यंत त्यांना स्वतःच्या खर्चाने बोळात काँक्रीट करू देऊ नये.